पाणाड्याला पाणी कसं कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण तालुक्यात वडिलांची कोरडवाहू जमीन आहे आणि तिथे नवीन बोअर घ्यायचं आहे. वडिलांचा आग्रह गावच्या पाणाड्याला, म्हणजे हातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याला, बोलावण्याचा, कारण त्याने दिलेले पॉइंट बहुतेक खरे निघालेत. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचं म्हणणं मशीन लावून सर्व्हे करून घेऊ. घरात यावरून धुसफूस चालू आहे. मुलाने पुढे विचारलंय की हे थोतांड असेल तर त्या माणसाचं खरं कसं ठरतं, आणि थोतांड नसेल तर हे ज्ञान त्याच्याकडे येतं कुठून?

मी भूजलाचं काम करतो. नोकरी आणि नंतरची सल्लागारी धरून निम्मं आयुष्य दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकावर, उन्हात फिरण्यात गेलं. माझं उत्तर आधी सांगून टाकतो: नारळाला काही कळत नाही, नारळ धरणाऱ्याला मात्र पुष्कळदा कळतं. गंमत म्हणजे आपल्याला ते कशावरून कळलं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

पाणाडी शेतात आला की सगळे त्याच्या हाताकडे बघतात. तुम्ही त्याच्या पायांकडे बघा. माणदेशातल्याच एका शिवारात मी एका म्हाताऱ्या पाणाड्याच्या मागून चाललो होतो. आल्याआल्या त्याने चहा घेतला. चहा घेताघेता सहज विचारल्यासारखं विचारलं की औंदा पहिल्यांदा कुणाची विहीर आटली आणि शेवटपर्यंत कुणाची टिकली. जमलेल्या चार माणसांनी उत्साहाने शिवाराचा सगळा पाण्याचा इतिहास सांगितला. मग तो उठला आणि थेट खालच्या बांधाला गेला. वरच्या माळाकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. ओढ्याला समांतर चालत राहिला. जिथे दोन-तीन करंजं आणि एक उंबर जवळजवळ ओळीत उभे होते तिथे त्याची चाल मंदावली. तिथून दहा-पंधरा पावलं आत, चढाचा उतार मोडून जमीन सपाट होते त्या जागी नारळ उभा राहिला. त्याने चुन्याची फुली मारली. मी विचारलं, "बाबा, वरच्या अंगाला का नाही बघितलं?" तो म्हणाला, "तिकडं काय हाय? नुस्ता पाषाण."

नारळ काढायच्या आधीच त्याला हे ठाऊक होतं. तरी त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने मनापासून सांगितलं असतं की पाणी नारळाने दाखवलं. तो खोटं बोलत नव्हता.

आता नारळ हलतो कसा, ते बघू. सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ तळहातावर आडवा, बोटांकडे शेंडी करून ठेवलेला असतो. मनगट केसभर कललं तरी तो उठतो. काही पाणाडी नारळाऐवजी उंबराची किंवा पेरूची बेचकी, म्हणजे दोन फाट्यांची काठी, वापरतात. ती दोन्ही मुठींत ताणून धरलेली असते, तिच्यात आधीच जोर साठलेला असतो. मुठी जराशा वळल्या की ती फिरते, आणि धरणाऱ्याला वाटतं की कुणीतरी ती खेचली. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोऱ्याला बांधलेल्या लोलकावर स्वतःच प्रयोग केले होते. लोलक पाऱ्यावर धरला की डुलायचा, मध्ये काच ठेवली की थांबायचा. मग त्याने स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि कुणाला तरी न सांगता काच सरकवायला लावली. काचेचा परिणाम संपला. १८३३ साली त्याने भौतिकशास्त्रज्ञ अँपियरला पत्र लिहून हे कळवलं: हालचाल आपल्याच हाताची असते, अपेक्षा ती घडवून आणते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. शेव्रलचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की त्याने दुसऱ्या कुणाला खोटं पाडलं नाही, स्वतःच्या हातावर पाळत ठेवली.

म्हणजे मनात तयार झालेला अंदाज नारळावाटे बाहेर पडतो. तो अंदाज कशाचा बनतो? उताराचा, झाडांचा, मातीच्या रंगाचा, उन्हाळ्यातही जरा हिरव्या राहिलेल्या बांधाचा, चहाच्या वेळी कानावर पडलेल्या गप्पांचा आणि लहानपणापासून पाहिलेल्या शेकडो विहिरींचा. यातलं काही त्याने सुटं करून कधी पाहिलेलं नाही. गाव मात्र म्हणतं की तो पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, आहे, म्हणून त्याला जमिनीतलं दिसतं. हल्ली पायाळूच्या जोडीला रक्तगटही आलाय. अमुक रक्तगटाच्या माणसाच्याच हातात काठी फिरते, असं मला शिकल्यासवरलेल्या लोकांनी सांगितलंय. समजुतीसुद्धा काळाप्रमाणे कपडे बदलतात.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा काढून घेतल्या तर काय उरतं, याची एक मोठी चाचणी जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात झाली. खालच्या मजल्यावर गाडीवर बसवलेली पाण्याची नळी मागेपुढे सरकवायची, आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्याने दहा मीटरच्या रेषेत ती नेमकी कुठे आहे ते सांगायचं. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांवर ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना जमलं नाही, पण मोजक्या काहींकडे खरंच विलक्षण शक्ती आहे. पुढे एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी उकरून काढली. ज्यांना एकदा जमलं त्यांना पुन्हा जमलेलं नव्हतं. आणि दर वेळी डोळे मिटून रेषेच्या मध्यावर बोट ठेवणारा माणूसही या निवडक पाणाड्यांच्या जवळपास तेवढाच बरोबर ठरला असता.

बुद्धिवादी मंडळी या चाचणीवरून एवढंच काढतात की पाणाडी भोंदू असतो. मी वेगळं काढतो. त्या कोठारात उतार नव्हता, ओढा नव्हता, उंबर नव्हता आणि शेजारच्या विहिरीची बातमी देणारं कुणी नव्हतं. ज्ञान ज्या जागेत होतं ती जागाच काढून घेतली, आणि शिल्लक उरली नुसती काठी.

या खुणांचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय जमिनीतल्या पाण्यावर आहे. वाचताना माझ्यासारख्याला मजा येते, कारण माणूस नुसतं ‘इथे पाणी’ म्हणून थांबत नाही. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडं पाणी, असं तो सांगतो. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. पण पुढचं महत्त्वाचं: खणताना अर्ध्या पुरुषावर मासा दिसेल, मग पारव्याच्या रंगाचा दगड, निळसर माती. वाटेत काय लागायला हवं तेही सांगून ठेवलंय, म्हणजे खणणाऱ्याला मध्येच पडताळून बघता येईल. मासा मला पटत नाही. दगड आणि मातीचा क्रम सांगणं मात्र अस्सल आहे, आजच्या बोअरच्या नोंदीत आम्ही दुसरं काय लिहितो? वारुळाचंही तसंच. वाळवीला ओल लागते, ती उगाच तिथे घर करत नाही. मरुदेशासाठी वराहमिहिर वेगळ्या खुणा देतो. तिथल्या शिरा उंटाच्या मानेसारख्या खाली जातात, असं म्हणतो. म्हणजे एका मुलखाची खूण दुसऱ्या मुलखात चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि हे आपल्याला स्वप्नात दिसलं असंही तो म्हणत नाही. सारस्वत मुनींचं पाहिलं, आता मनूचं सांगतो, असं सरळ नाव घेऊन टाकतो.

याच अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो की आभाळातून पडणारं पाणी एकाच रंगाचं आणि एकाच चवीचं असतं, जमिनीच्या गुणाने ते वेगवेगळं होतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथे पाणी लागतं, पण पिववत नाही आणि पिकाला घातलं तर जमीन बिघडते. नारळ तिथेही उभा राहतोच.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग: पाणाड्याचं इतक्या वेळा खरं का ठरतं? एक कारण खुणांची जाण, ते झालं. दुसरं कारण जमीनच आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र किंवा भेगाळलेला, मधला घट्ट काळा पाषाण, दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. वर माती आणि मुरूम. थोडंफार पाणी यात बऱ्याच ठिकाणी सापडतं, विशेषतः ओढ्याकाठच्या खोलगट जमिनीत. अशा जागी डोळे मिटून दगड भिरकावला आणि पडेल तिथे बोअर मारलं तरी काही ना काही लागेल. ‘लागलं’ म्हणजे किती, हे आपण आधी ठरवत नाही. अर्धा इंच लागलं तरी पाणाडी खरा, आणि मार्चमध्ये ते आटलं तर पाऊस कमी झाला.

तिसरं कारण आठवणीचं. कोरड्या गेलेल्या बोअरवर कुणी दगड रचून ठेवत नाही की त्यावर पॉइंट देणाऱ्याचं नाव लिहीत नाही. भरल्या बोअरची गोष्ट मात्र लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते. पाणाडी स्वतः फुली मारून जातो, आणि बोअर फेल गेलं तर ते कळवायला त्याच्या घरी सहसा कुणी जात नाही, गेलं तर भांडायला जातं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. वर्षं गेली म्हणजे अनुभव आला असं आपण धरून चालतो. पण आपला अंदाज चुकल्याचा निरोप ज्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्याच्याकडे वर्षं साठतात आणि आत्मविश्वास साठतो, बाकी काही साठत नाही. आम्हा भूवैज्ञानिकांनाही हे लागू आहे. अहवाल देऊन, सही करून, पुन्हा त्या शेतात कधीच न गेलेले किती तरी लोक या धंद्यात आहेत.

मग चुकल्याचा निरोप रोज मिळतो कुणाला? बोअर मारणाऱ्या रिगवर काम करणाऱ्याला. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा रिग गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या असतात. त्यावरचा ऑपरेटर मराठी जेमतेम बोलतो, त्याला कुणी ज्ञानी वगैरे समजत नाही. पण त्याला काम करताना जरा बघा. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तरी हातोड्याचा आवाज बदलला की त्याची मान वळते. बाहेर उडणारी भुकटी तो फावड्यावर झेलतो, बोटांत चुरतो. निळसर काळी, कोरडी, पिठासारखी असेल तर पाषाण चाललाय. तांबडी झाली तर थर बदलला. त्यात पांढरे चकचकीत खडे आले तर खडक सच्छिद्र आहे, पाण्याची आशा आहे. भुकटी ओलसर होऊन गोळे पडायला लागले की तो पाणी दिसायच्या आधीच पोरांना मागे सरकायची खूण करतो. त्या शिवारात त्याने महिनाभर काम केलं असेल तर तांबडा थर कितीला येतो आणि त्याखाली पाणी मिळतं की नाही, हे तो तुम्हाला सांगेल. तुम्ही विचारलं तर. त्याला फुटावर पैसे मिळतात, म्हणून ‘अजून शंभर फूट जाऊ’ हा त्याचा सल्ला तेवढा जपून घ्यायचा.

त्याच्याही आधी हे ज्ञान विहिरी खोदणाऱ्या वडार मंडळींकडे होतं, आणि ते याहून भरघोस होतं. विहिरीत उतरलेल्या माणसाला थरांची आख्खी भिंत समोर दिसते. पाझर कुठल्या सांध्यातून येतोय, मुरूम कुठे संपून मांजऱ्या हा सच्छिद्र खडक लागला, पाषाणाला भेग कुठल्या दिशेने आहे, सगळं हाताला लागतं. बोअरमधून फक्त धुरळा वर येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर गावोगाव पोचली आणि पाणी पाहण्याची ही शाळा हळूहळू बंद झाली.

तुमच्या गावच्या पाणाड्याचं वय काय, हे म्हणूनच मी विचारेन. तो हातखोदाईच्या विहिरींच्या काळात शिकलेला असेल, तर त्याचं शिक्षण तीस-पन्नास फुटांच्या पाण्याचं आहे. उंबर, करंज, शिंदी, वारूळ या खुणा त्या खोलीच्या पाण्याबद्दल बोलतात. चारशे फुटांवरच्या भेगेबद्दल उंबराला काही माहीत नसतं. तो म्हातारा उथळ पाण्याबाबत बरोबर असेल आणि खोल बोअरबाबत तेवढ्याच ठामपणे चूक असेल. तुम्हाला दोन्ही वेळा सारखाच नारळ दिसेल.

मशीनबद्दलही तुमचा विश्वास जरा कमी करतो. जमिनीत चार सळया ठोकून वीज सोडायची आणि खडक तिला किती विरोध करतो ते मोजायचं, ही पद्धत चांगली आहे, मी तीच वापरतो. झिजलेला ओला खडक आणि घट्ट पाषाण यांतला फरक ती व्यवस्थित दाखवते, मुरूम किती खोल आहे ते सांगते. पण दोनशे फुटांखालची वीतभर भेग तिला बहुधा दिसत नाही, आणि एकाच आलेखाचे दोन वेगळे अर्थ निघू शकतात. त्या वेळी बसून ठरवावं लागतं. तो निर्णय पुन्हा शेजारच्या विहिरी, उतार, ओढा यांवरच बेततो. आजूबाजूची एकही विहीर न बघता मोबाईलवर रंगीत चित्र दाखवून ‘साहेब, इथे तीनशेला तीन इंच’ म्हणणारा माणूस आला, तर त्याच्या हातातही नारळच आहे असं समजा, फक्त चार्जिंगचा. त्यापेक्षा चहा पीत विहिरींची चौकशी करणारा म्हातारा परवडला.

वडिलांच्या श्रद्धेबद्दल शेवटी लिहितोय, पण घरातलं भांडण खरं तिथेच आहे. बोअर म्हणजे शेतकऱ्याच्या घरात वर्षाच्या बचतीवर, पुष्कळदा कर्जावर घेतलेला डाव. तो कोरडा गेला तर दोष कुणाचा? पाणाड्याने सांगितलं असेल तर ‘नशिबात नव्हतं’ म्हणता येतं, आणि बायकोपोरांसमोर, भावकीसमोर मान ताठ राहते. मशीन लावून फेल गेलं तर ‘पोराच्या नादाला लागून पैसे घालवले’ हे ऐकावं लागतं. वडील नारळावर कितपत विश्वास ठेवतात याबद्दल मला शंका आहे. मी असे वडील पाहिलेत की जे पाणाड्याचा पॉइंट गपचूप वीस फूट सरकवतात, कारण मूळ जागा बांधाला फार जवळ पडते. त्यांना हवं असतं ते निर्णयाच्या ओझ्याला दुसरा खांदा. तुम्ही कोठारातल्या प्रयोगाची कथा सांगून तो खांदा काढून घ्याल आणि बदल्यात काही देणार नाही, तर ते ऐकणार नाहीत. ऐकू नयेच.

तेव्हा पाणाड्याला बोलवा. नारळ निघायच्या आधी त्याच्याबरोबर शिवाराची फेरी मारा आणि कुठे थांबला, काय विचारलं ते वहीत लिहा. त्याला एकच पॉइंट मागू नका. तीन मागा, आणि ‘इथे मुळीच नको’ अशी जागाही विचारा. ती जागा तो झटकन सांगतो आणि त्याचं कारणही बऱ्याचदा तोंडून निघतं. सर्व्हेवाल्यालाही तेच विचारा, पण पाणाड्याच्या फुल्या पुसून. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या विहिरी-बोअरची खोली, पाणी कितीला लागलं आणि कुठल्या महिन्यात आटतं हे तुम्ही स्वतः फिरून विचारा. पुण्याहून एका शनिवार-रविवारात होण्यासारखं काम आहे आणि दोन्ही सल्ल्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. मग वडिलांच्या हातून जागा ठरू द्या.

रिग लागेल त्या दिवशी हजर राहा. दर दहा फुटांना भुकटीची चिमूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर खोली लिहा. पाणी आधीच लागलं तर ‘अजून जाऊ’चा मोह आवरा. भूजल कायद्याने साठ मीटरच्या पलीकडची विहीर ‘खोल’ मानलीय, त्याला कारण आहे, आणि खालच्या थराचं पाणी उपसलं की ते पुन्हा भरायला फार काळ लागतो. बोअर शक्यतो एप्रिल-मेमध्ये घ्या, कारण दिवाळीच्या आसपास लागलेलं दोन इंच पाणी उन्हाळ्यात किती उरेल, हे पाणाडीही सांगू शकत नाही आणि मीही.